जुनी हायड्रा घेताना इंजिनाआधी बूम पाहा

शेड उभारणी, लोखंडाची चढ-उतार, कारखान्यातील यंत्रे हलविणे अशी कामे करणारे आपले अनेक बांधव भाड्याच्या क्रेनला कंटाळून स्वतःची घेण्याचा विचार करतात. नवी परवडत नाही, म्हणून नजर जुन्या हायड्राकडे वळते. (हायड्रा हे मुळात एस्कॉर्ट्स कंपनीच्या क्रेनचे नाव, परंतु माल उचलून तसाच चालत नेणाऱ्या सगळ्याच क्रेनला बाजारात आता हायड्रा म्हणतात.)

भिवंडीकडील आमच्या परिचयाच्या एका फॅब्रिकेटरने अशीच क्रेन घेतली. इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होत होते, टायर चांगले होते, रंग ताजा होता. पंधरा दिवसांनी ट्रस उचलून धरला असता बूम आपोआप खाली येऊ लागला. सुदैवाने खाली कोणी नव्हते. सिलिंडर उघडला तर रॉडवर ओरखडे. रंग खरवडला तर बूमच्या पोटाशी जुन्या वेल्डिंगचा पट्टा. सिलिंडर दुरुस्त झाला. बूमचे काय करायचे, हा प्रश्न मात्र राहिला.

इंजिनाचा आवाज ऐकून व धूर पाहून सौदा करणे ट्रकपुरते ठीक आहे. क्रेनचे इंजिन बिघडले तर काम थांबते. बूम, दोर किंवा हुक तुटला तर माणूस दगावतो. शिवाय इंजिन कोणताही चांगला मिस्त्री बांधून देईल.

म्हणून पहिली मागणी वजनाची करावी. वजनकाट्याची पावती असलेले लोखंडाचे बंडल उचलायला लावावे. उचलण्यापूर्वी केबिनमधील लोड चार्ट वाचावा. '12 टनी' क्रेन 12 टन उचलते ती बूम आखडलेला आणि वजन अगदी जवळ असताना. बूम लांबला की क्षमता झपाट्याने घटते. चार्टच गायब असेल तर मालकाने ती अंदाजाने चालविली असे समजावे. चार्टच्या मर्यादेतील वजन जमिनीपासून वीतभर वर धरून इंजिन बंद करावे, सिलिंडरच्या रॉडवर खडूची खूण करावी आणि दहा-पंधरा मिनिटे चहा घ्यावा. खूण आत सरकली तर सील किंवा लॉक व्हॉल्व्ह गळतो आहे. या वेळी बंडलाखाली किंवा बूमखाली कोणालाही उभे राहू देऊ नये. 'आज वजन नाही, उद्या दाखवतो' असे विकणारा म्हणाला तर पैसेही उद्याच दाखवावेत.

बूमवर नवा रंग असेल तर सांध्यांजवळ आणि पिनांच्या घरांजवळ तो खरवडण्याची परवानगी मागावी. शंका आली तर लाल रंगाची चाचणी करून घ्यावी: जागा साफ करून लाल द्रव फवारायचा, थोडा वेळ थांबून पुसायचा, वर पांढरा फवारा मारायचा. भेग असेल तर लाल रेघ उमटते. खर्च दोन-तीन डब्यांचा.

तारेचा दोर ड्रमवरून पूर्ण सोडवून पाहावा. उघडा हात फिरवू नये, चिंधी फिरवावी. तुटलेली तार चिंधीला अडकते. दोराचा एक पदर पूर्ण वेढा घेतो तेवढ्या लांबीत 6 तारा, किंवा एकाच पदरात 3 तारा तुटलेल्या असतील, अथवा जाडी मूळ मापापेक्षा 5 टक्क्यांहून जास्त घटली असेल, तर दोर बाद. दोर बदलता येतो, त्यासाठी सौदा मोडण्याचे कारण नाही. पण ज्याने दोर बदलला नाही त्याने तेल तरी वेळेवर बदलले असेल का?

हुकाचे तोंड मूळ मापापेक्षा 5 टक्क्यांहून अधिक उघडले असेल किंवा जाडी 10 टक्क्यांहून अधिक झिजली असेल तर तो बदलावा. मूळ माप कंपनीच्या पुस्तकात मिळते. हुकावर वेल्डिंग दिसले तर पुढे बोलणेच नको.

आता कागद. चॅसिस नंबर आर.सी. बुकाशी स्वतः ताडून पाहावा. फायनान्सचा बोजा असेल तर फॉर्म 35 वर फायनान्सरची सही मिळाल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. उचलण्याच्या यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून दर 12 महिन्यांनी तरी तपासणी व्हावी, अशी अट 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 29 मध्ये घातली गेली. मागची प्रमाणपत्रे मागावीत. मोठ्या कारखान्यांच्या गेटवर प्रमाणपत्राशिवाय क्रेन आत घेत नाहीत. म्हणजे स्वस्तात घेतलेली क्रेन चांगल्या कामालाच मुकते.

ऐब सांगून माल विकणारे भाईही बाजारात आहेत. त्यांना चार पैसे जास्त गेले तरी आम्ही त्यांच्याकडूनच घेऊ. इतरांच्या बाबतीत मात्र इसार देण्यापूर्वी आपल्या खर्चाने तपासनीस न्यावा, आणि इसाराच्या पावतीवर 'तपासणीत बूम किंवा सिलिंडर नापास झाल्यास इसार परत' एवढी एक ओळ लिहून घ्यावी.