तेल लावलं आणि डोकं तापलं!

काळा कुर्ता घालून मी एका मुलाखतीला गेले होते. समोरच्या बाई मस्त बोलत होत्या, रेकॉर्डर चालू होता आणि माझं सगळं लक्ष होतं उजव्या कानामागे. तिथे अशी काही खाज सुटली होती की काय सांगू! शेवटी पेनाच्या टोकानं हळूच खाजवून घेतलं. खाली बघते तर खांद्यावर पांढरा सडा. बाईंनी सभ्यपणे नजर दुसरीकडे वळवली. त्या दिवशी मी ठरवलं, आजपासून काळा रंग बंद. कोंड्याचं काही करावं, हे मात्र सुचलं नाही!

हसू नका. तुमच्यातल्या किती जणांचं असंच चाललंय, मला माहीत आहे. दिवसभर एसी, येता-जाता हेल्मेटमधला घाम, त्यात बोअरचं जड पाणी आणि रात्रीची जागरणं. केसांच्या कटवर आपण हजार रुपये सहज उडवतो, पण केस ज्या जमिनीत उगवतात तिच्याकडे बघतो कोण?

शनिवार रात्र, आजी आणि खोबरेल

आमच्या घरी डोक्याच्या कुठल्याही तक्रारीवर एकच औषध, ते म्हणजे आजीचं तेल. खोबरेलात माका आणि जास्वंदीची फुलं उकळून ती ते स्वतः करते. शनिवारी रात्री वाटी कोमट व्हायची आणि मी आजीच्या पुढ्यात पाटावर बसायची. ‘‘अगं, डोकं पार कोरडं पडलंय तुझं. तेल जिरवायला हवं,’’ असं म्हणत ती अर्धा तास बोटं फिरवायची. खरं सांगायचं तर आठवड्यातला तेवढाच वेळ आमच्या दोघींचा असायचा. एरवी मी घरी येते तेव्हा ती झोपलेली असते.

रात्रभर तेल आणि सकाळी शॅम्पू, असा महिना गेला. खाज कमी व्हायचं नाव नाही. उलट भांगात लाली आली. आधी भुरभुर पडणारा कोंडा आता पिवळट, चिकट खपल्यांसारखा झाला. आजीला वाटलं, तेल कमी पडतंय. मग शनिवारच्या जोडीला बुधवारही आला.

मग आला नेटवरचा फंडा

एका रात्री नेटवर शोधाशोध केली. जिकडे तिकडे एकच नाव, टी ट्री ऑइल. नैसर्गिक म्हणजे सेफ, असा सरळ हिशेब मी केला. वर्षभरापूर्वी एका प्रदर्शनातून आणलेली बाटली बाथरूमच्या खिडकीत उन्हात पडलेली होतीच. कापसाचा बोळा घेतला, बुडवला आणि थेट डोक्याला लावला.

पहिली दहा मिनिटं चुणचुण झाली. म्हटलं, वा, लागू पडतंय! अर्ध्या तासानं आग सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं असं ठणकत होतं की उशीला टेकवेना. कानामागे सूज आलेली, पाणी सुटलेलं. कंगवा फिरवला तर केसांचा पुंजका हातात आला. मंडळी, त्या क्षणी मात्र मी खरंच घाबरले. एकटीच बाथरूममध्ये उभी राहून रडले.

दोष तेलाचा की आपला?

त्वचारोगतज्ज्ञांनी भिंगातून डोकं पाहिलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, ‘‘तेल किती लावता?’’ मी अभिमानानं सांगितलं. त्या हसल्या आणि मग नीट समजावून सांगितलं.

आपल्या सगळ्यांच्याच डोक्यावर मॅलॅसेझिया नावाची यीस्टसारखी बुरशी राहते. १८७४ मध्ये लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञानं कोंड्यात ती पाहिली, म्हणून तिला त्याचं नाव. गंमत अशी की तिला लागणारी फॅटी ॲसिड्स तिला स्वतः बनवता येत नाहीत. ती बाहेरून, म्हणजे आपल्या त्वचेच्या तेलातून घ्यावी लागतात. प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवायची असेल तर चक्क ऑलिव्ह ऑइल वापरतात! काहींच्या त्वचेला तिचा जास्त त्रास होतो. लाली येते, खाज सुटते, चिकट खपल्या धरतात. याला सेबोऱ्हिक डरमटायटिस म्हणतात आणि मला तेच झालं होतं. म्हणजे माझं डोकं कोरडं पडलंच नव्हतं. रात्रभर तेल लावून मी त्या बुरशीला पंगत वाढत होते.

आणि टी ट्री? त्यात दम नाही असं नाही. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात कोंडा असलेल्या १२६ जणांवर एक चाचणी झाली. चार आठवडे ५ टक्के टी ट्री ऑइल असलेला शॅम्पू वापरणाऱ्यांचा त्रास ४१ टक्क्यांनी कमी झाला, तर साधा शॅम्पू वापरणाऱ्यांचा ११ टक्क्यांनी. पण शब्द नीट वाचा. ५ टक्के, शॅम्पूत, आणि नंतर धुऊन टाकलेलं. मी लावलं होतं शंभर टक्के. त्यात हे तेल हवेत आणि उजेडात राहिलं की बदलतं आणि त्वचेला जास्त झोंबतं. माझ्या बाटलीनं तर वर्षभर ऊन खाल्लं होतं.

मग कुणाला कुठलं तेल?

डोकं खरोखर कोरडं असेल, म्हणजे त्वचा ओढल्यासारखी वाटते, कोंडा बारीक आणि सुका आहे, लाली नाही, तर खोबरेल बेस्ट. चमचाभर पुरे. शॅम्पूच्या आधी तासभर लावा आणि धुऊन टाका. खोबरेल केसांच्या आत शिरतं आणि धुताना केसांतलं प्रोटीन कमी जातं, हे मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिलंय. तेव्हा आजी अगदीच चुकीची नव्हती!

ऑलिव्ह ऑइल महाग म्हणून भारी, असं समजू नका. ते त्वचेचं वरचं संरक्षक आवरण कमकुवत करू शकतं, असं २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं. त्याच अभ्यासात सूर्यफुलाचं तेल त्वचेला मानवलं. मोहरीचं तेल झोंबरं, चिडलेल्या डोक्याला नकोच. कडुनिंबाचं तेल उग्र असतं, दुसऱ्या तेलात थोडंसं मिसळूनच वापरावं.

हे पक्कं लक्षात ठेवा
* टी ट्री, रोझमेरी, पेपरमिंट ही अर्क-तेलं कधीही थेट लावू नका. चमचाभर साध्या तेलात एक थेंब, बस्स.
* नवीन तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. लाल झालं तर विषय संपला.
* बाटली गडद रंगाची, झाकण घट्ट, जागा थंड. जुनी झाली की सरळ फेका. लहान मुलांपासून लांब ठेवा, टी ट्री पोटात जाणं धोक्याचं आहे.
* लाल, चिकट, ओल्या किंवा पू झालेल्या डोक्यावर कुठलंच तेल नको. केस पुंजक्यानं जात असतील, गोल चट्टे पडले असतील तर डॉक्टर गाठा. नायटा असो की सोरायसिस, घरच्या घरी ओळखता येत नाही.
* हेल्मेटखाली सुती रुमाल बांधा आणि तो रोज धुवा.

मला सूज उतरेपर्यंत लावायला लोशन मिळालं, त्यानंतर कीटोकोनॅझोलचा शॅम्पू. फेस डोक्यावर पाच मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा. महिनाभरात भांग पुन्हा स्वच्छ दिसायला लागला. हा त्रास उलटू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय. तेव्हा शॅम्पूची बाटली अजून बाथरूममध्ये आहे, खिडकीत मात्र नाही.

सगळ्यात अवघड काम होतं ते आजीला सांगण्याचं. ‘‘तुझ्या तेलानं वाढलं’’ हे कसं म्हणणार? शेवटी एका शनिवारी धीर करून सांगितलं. ती जरा गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘आधी बोलायचं नाही का गं? मी आपली वाटीवर वाटी ओततेय.’’ आणि उठून आत गेली. मला वाटलं, रागावली. पण ती कंगवा घेऊन परत आली. ‘‘डोक्याला नको ना? मग केसांच्या टोकांना लावते. बस.’’

पाट अजून तिथेच आहे. वाटीत आता तेल चमचाभर असतं, पण अर्धा तास पूर्ण होतो. आणि हो, काळा कुर्ता पुन्हा बाहेर काढलाय.