पित्ताशयाचं ऑपरेशन : सोपं की अवघड, आधी कसं कळतं?

पोटाची दुखणी : लेखांक ७

पित्ताशयात खडे का होतात आणि ते कधी काढावे लागतात, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. आता ऑपरेशनकडे वळू. हुबळीच्या किम्स रुग्णालयात, सत्तूरच्या एसडीएम रुग्णालयात किंवा हुबळी-धारवाडमधल्या एखाद्या नर्सिंग होममध्ये पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "दुर्बिणीचंच ना? मग दोन दिवसांत घरी?" बहुतेकांच्या बाबतीत उत्तर 'हो' असतं. पण सगळ्यांच्या नाही. आणि कोणाच्या बाबतीत नाही, याचा अंदाज बराचसा आधीच बांधता येतो.

जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ साली दुर्बिणीतून पहिलं पित्ताशय काढलं. भारतात ते १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी केलं. पद्धत आता घरोघरी माहीत आहे : पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करायची, साधारण चार छोटी छिद्रं पाडायची, आणि पडद्यावर बघत पित्ताशय यकृतापासून सोडवायचं. पोटावरचे टाके सगळ्यांचे सारखेच दिसतात. आतली परिस्थिती मात्र पेशंटगणिक बदलते.

ही परिस्थिती गुणांत मोजायची एक सोपी रीत रंधावा आणि पुजाहारी या भारतीय डॉक्टरांनी २००९ साली 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'मध्ये मांडली. तिच्यात एकूण गुण १५. वय पन्नाशीपुढे असेल तर १, पुरुष असेल तर १. वजन-उंचीचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, २५च्या वर गेला तर १ आणि २७.५च्या वर २. बेंबीखाली जुन्या ऑपरेशनचा व्रण असेल तर १, बेंबीच्या वर असेल तर २. पित्ताशय हाताला लागत असेल तर १. बाकीचे गुण सोनोग्राफीतून मिळतात : पित्ताशयाची भिंत ४ मिलिमीटर किंवा जास्त जाड असेल तर २, भोवती पाणी साठलं असेल तर १, तोंडाशी खडा अडकला असेल तर १. आणि पित्ताशयाला सूज येऊन पूर्वी कधी दवाखान्यात भरती व्हावं लागलं असेल, तर एकदम ४.

बेरीज पाचपर्यंत आली तर ऑपरेशन सोपं, सहा ते दहा अवघड, अकरापासून पुढे फार अवघड. त्यांच्या २२८ पेशंटांमध्ये 'सोपं' हा अंदाज ८८.८ टक्के आणि 'अवघड' हा ९२ टक्के वेळा खरा ठरला.

भरती होण्याला सर्वांत जास्त गुण का? सूज ओसरते, ताप जातो, पेशंटला बरं वाटतं. पण आत भाग एकमेकांना चिकटून बसतात. आतड्यावरचा चरबीचा पदर पित्ताशयाला लपेटतो. पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी जिथून जातात, ती कालोच्या त्रिकोणाची जागा घट्ट होते, आणि कुठली नळी कोणती, हे ओळखणं कठीण होतं.

एक हिशेब करून बघू. समजा, छप्पन्न वर्षांचे गृहस्थ आहेत. बीएमआय २८, भिंत ५ मिलिमीटर, तोंडाशी खडा अडकलेला, आणि आठ महिन्यांपूर्वी याच दुखण्यासाठी भरती झाले होते. वय १, पुरुष १, वजन २, भिंत २, खडा १, भरती ४ : एकूण ११, म्हणजे फार अवघड. आता त्यांनी "तेव्हा गॅसेस झाले होते हो" म्हणून ती भरती सांगितलीच नाही, तर बेरीज होते ७. पोट तेच, पण डॉक्टरांची तयारी वेगळी.

तयारी म्हणजे काय? ऑपरेशनच्या यादीत जास्त वेळ राखून ठेवणं, अनुभवी सर्जनला सोबत घेणं, आणि गरज पडली तर पोट उघडण्याची संमती पेशंटकडून आधीच, नीट समजावून घेणं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हे गुण अवघडपणा सांगतात, अपघात नाही. मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण हजारात साधारण तीन ते पाच आहे, आणि सोप्या वाटणाऱ्या ऑपरेशनमध्येही नळी ओळखण्यात चूक होऊ शकते. म्हणून १९९५ साली स्ट्रासबर्ग यांनी सांगितलेला नियम सर्वांनाच लागू आहे : त्रिकोणातली चरबी साफ करायची, पित्ताशयाचा खालचा एक-तृतीयांश भाग यकृतापासून सुटा करायचा, आणि पित्ताशयात फक्त दोनच गोष्टी जाताना दिसल्या तरच क्लिप लावून कापायचं. तेवढं दिसत नसेल तर पित्ताशयाचा काही भाग तसाच ठेवणं किंवा पोट उघडणं शहाणपणाचं. त्याला 'ऑपरेशन फसलं' म्हणणं चूक आहे. थांबायचं कुठे, हे कळणं हे सर्जनच्या कौशल्यातच मोडतं.

तेव्हा सर्जनकडे जाताना जुनं डिस्चार्ज कार्ड आणि सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट सोबत न्या, आधी झालेलं प्रत्येक ऑपरेशन आणि प्रत्येक भरती सांगा. आणि एक प्रश्न न संकोचता विचारा : "माझं ऑपरेशन सोपं दिसतंय की अवघड, आणि अवघड निघालं तर काय कराल?"

(पुढील आठवड्यात : पित्ताशय काढल्यानंतरचं जेवणखाण)