एंडोफायटिक बुरशी आणि पीकवाढ

वनस्पतीच्या मूळ, खोड, पान वा बी यांच्या ऊतींमध्ये राहणाऱ्या, परंतु आयुष्याचा निदान काही काळ तरी रोगलक्षणे उमटू न देणाऱ्या बुरशीस एंडोफायटिक म्हणजेच अंतर्वासी बुरशी म्हणतात. 'एंडोफाइट' ही संज्ञा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६६ मध्ये वापरली.

बुरशीला वनस्पतीकडून शर्करा आणि आसरा मिळतो. त्या बदल्यात काही जाती स्फुरद उपलब्ध करून देतात, तर काही इंडोल ॲसेटिक आम्लासारखी वाढीची संप्रेरके तयार करतात. या देवघेवीला सरसकट मैत्री म्हणणे मात्र घाईचे ठरेल. जिबरेलिन हे संप्रेरक बुरशीतूनच प्रथम उमगले, तेही भाताची रोपे बेसुमार उंच करून निकामी करणाऱ्या रोगाच्या अभ्यासातून.

भारतातील सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण सेरेंडिपिटा इंडिका हे होय. अजित वर्मा व सहकाऱ्यांनी थरच्या वाळवंटातील वेडी बाभूळ आणि रानबोर यांच्या मुळांलगतच्या मातीतून ती मिळवली व १९९८ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. बीजाणू नासपतीच्या आकाराचे असल्याने तिला आधी पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका म्हणत. अर्बस्क्युलर मायकोरायझा जिवंत मुळांवाचून वाढत नाही. ही बुरशी मात्र प्रयोगशाळेत साध्या माध्यमावर वाढवता येते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिच्यामुळे सातूच्या पिकाची क्षारसहनशीलता, रोगप्रतिकार आणि उत्पादन वाढल्याचे दिसले.

दक्षिण सोलापूर तालुक्यातील मंद्रूपसारख्या अवर्षणप्रवण भागात या विषयाचे महत्त्व उघड आहे. येथील रब्बी ज्वारी मुख्यतः काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. दाणे भरण्याच्या वेळी ओल संपली की मॅक्रोफोमिना फेजिओलिना ही जमिनीतील बुरशी मुळांवाटे शिरते, खोड आतून पोकळ होते आणि ताटे कोलमडतात. यालाच खडखड्या रोग म्हणतात. म्हणजे ओल सरताच एक बुरशी याच मुळांतून पिकाचा घात करते. मुळांत आधीच वसलेली उपकारक बुरशी ताण सोसण्यास मदत करील, ही अपेक्षा येथूनच निर्माण होते.

तथापि कुंडीतील यश शेतात तसेच उतरत नाही. जमिनीतील ओल, स्थानिक सूक्ष्मजीव आणि पिकाचे वाण यांवर बुरशीचे बस्तान अवलंबून असते. शिवाय रासायनिक बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्यावर हे संवर्धक चोळल्यास उपयोगी बुरशीही मरण्याचा संभव असतो. दोन्ही एकत्र वापरण्यापूर्वी त्यांची सुसंगतता तपासावी लागते.