गाळाचा पंचनामा

लखनौच्या युनिव्हर्सिटी रोडवर बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था आहे. तिच्या कोनशिलेत जीवाश्म जडवलेले आहेत. निरनिराळ्या काळांतले, ठिकठिकाणांहून जमवलेले हे जीवाश्म सिमेंटात बसवून साहनींनी ती शिला स्वतः तयार केली. 3 एप्रिल 1949 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ती बसली आणि आठवडाभरातच, 10 एप्रिलला, साहनी गेले. संस्था नावारूपाला आणण्याचं काम मग त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंनी अंगावर घेतलं.

साहनी वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक. पण 1936 मध्ये रोहतकजवळच्या खोकरा कोट टेकाडावर त्यांना नाणी ओतण्याचे मातीचे साचे सापडले, आणि हा वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांच्यामागे असा लागला की 1945 मध्ये प्राचीन भारतातल्या नाणी ओतण्याच्या तंत्रावर त्याने सविस्तर ग्रंथच लिहिला. दुसऱ्याच्या वावरात शिरायची ही खोड संस्थेनेही सोडली नाही. इथल्या विष्णु मित्रे यांनी नर्मदाकाठच्या नावडातोलीचं धान्य तपासलं. तिथलं उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलियांचं. गहू, मसूर, लाख, जवस अशी ओळख पटवून मित्रे यांनी 1961 मध्ये अहवाल दिला आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या घरात काय शिजत होतं ते कळलं.

जळून कोळसा झालेलं धान्य निदान डोळ्यांना दिसतं. परागकण दिसत नाही. बहुतेक कण 10 ते 100 मायक्रॉनच्या दरम्यानचे. मात्र त्याचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या द्रव्याचं असतं, आणि निसर्गात इतकं चिवट सेंद्रिय द्रव्य क्वचितच सापडतं. ओल्या, हवाबंद गाळात ते हजारो वर्षं टिकतं. 1916 मध्ये लेनार्ट फॉन पोस्ट या स्वीडिश भूवैज्ञानिकाने दलदलीतल्या थराथरांतले कण मोजून, जुन्या जंगलांत कुठली झाडं कधी वाढली आणि कधी हटली याचे आलेख मांडले. परागकणांच्या या शास्त्राची सुरुवात तिथली.

गाळातून कण वेगळे काढायची रीत मात्र नाजूक म्हणता येणार नाही. आधी कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळायचं, म्हणजे कुजलेला पाला सुटतो. चुना हायड्रोक्लोरिक आम्लाने जातो. वाळूसाठी हायड्रोफ्लुओरिक आम्ल लागतं. ते काचही खातं, म्हणून भांडी प्लॅस्टिकची, आणि त्याचा थेंब हातावर पडला तर थेट दवाखाना. शेवटी अ‍ॅसेटिक अनहायड्राइड आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल यांचं नवास एक मिश्रण. एवढ्यातून जे उरतं ते ग्लिसरीनमध्ये स्लाइडवर घ्यायचं आणि दोनतीनशे कण ओळखून होईपर्यंत मोजत बसायचं. आरंभीच लायकोपोडियमच्या बीजाणूंची एक गोळी गाळात विरघळवतात. गोळीत बीजाणू किती हे ठाऊक असतं, त्यामुळे त्यांच्याशी ताडून मूळ गाळात पराग किती होता याचा हिशेब लागतो.

हिशेब लागला तरी कणांची साक्ष सरळ नसते. चीडाच्या कणाला हवेच्या दोन पिशव्या असतात. तो हिमालयातून उडून गंगेच्या मैदानातल्या तळ्यात पडतो. साग कीटकांवर विसंबलेला, म्हणून भोवती सागवान दाट असलं तरी तळ्यात त्याचे कण थोडेच मिळतात. चाकवत-राजगिऱ्याच्या कुळाचे कण वाढले तर जवळपास माणसाने जमीन उकरली असावी, किंवा जमीन खारावली असावी. सिंधू संस्कृतीच्या थरात मक्याचा कण दिसला तर आनंद मानायचा नाही. मका भारतात आला तो कोलंबसाच्या सफरींनंतर. म्हणजे नमुन्यात वरची माती मिसळली आहे.

या साक्षीची खरी उलटतपासणी राजस्थानात झाली. साहनी संस्थेत घडलेले आणि पुढे ऑस्ट्रेलियात गेलेले गुरदीप सिंग यांनी सांभर, डिडवाणा, लूणकरणसर या खाऱ्या तळ्यांचा गाळ तपासला. 1971 आणि 1974 मधले त्यांचे निबंध गाजले. त्यांचं म्हणणं असं, की इ.स.पू. 3000 च्या पुढे या वाळवंटात पाऊस चांगला होता, त्या पावसावर सिंधू संस्कृती फोफावली आणि पाऊस आटल्यावर तिची नगरं ओस पडली. शिवाय सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या थरात त्यांना धान्यासारखे परागकण आणि कोळशाचे बारीक कण सापडले. त्यावरून त्यांनी झुडपं जाळून केलेल्या शेतीचा अंदाज बांधला.

कथा इतकी सुटसुटीत होती की ती पाठ्यपुस्तकांत शिरली. पुढे 1999 मध्ये लूणकरणसरवरच दुसऱ्या गटाचा निबंध आला. त्याच्या लेखकांत डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा आणि शरद राजगुरू हेही होते. गाळाचे पातळ थर एकेक करून वाचून आणि रेडिओकार्बनच्या तारखा घेऊन त्यांनी दाखवलं, की हे तळं सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीच कोरडं पडलं होतं. हडप्पा-मोहेंजोदडोचा भरभराटीचा काळ इ.स.पू. 2600 ते 1900. म्हणजे नगरं बहरली ती तळं आटल्यावर सुमारे हजार वर्षांनी! सिंग यांचे कण खोटे नव्हते. त्या वेळी तारखा मोजक्या होत्या आणि त्यांच्यावर भार फार पडला.

धान्याच्या कणांचंही तसंच. सगळ्या गवतांचा पराग गोल, गुळगुळीत, एकाच छिद्राचा. फरक काय तो आकाराचा. साधारण 40 मायक्रॉनच्या वर गेला तर धान्याचा, हा ठोकताळा युरोपातला. आपल्याकडची काही रानगवतं हे माप सहज ओलांडतात आणि भाताचा कण रानगवतांत मिसळून जातो. एवढ्या पुराव्यावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची शेती उभी करणं मला तरी धाडसाचं वाटतं.

महाराष्ट्रात अडचण वेगळी. घोडनदीकाठच्या इनामगावात ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीची वस्ती इ.स.पू. 1000 नंतर ओढग्रस्तीला लागली. तिथे उत्खनन करणाऱ्या धवलीकरांनी त्यामागे वाढता कोरडेपणा धरला. याची खातरजमा परागकणांनी करायची तर काळी माती साथ देत नाही: उन्हाळ्यात ती भेगाळते, हवा खोल शिरते आणि कण नासतात. म्हणून नजर लोणारकडे जाते. तिथल्या सरोवराच्या तळातून काढलेल्या सुमारे दहा मीटर गाळात गेल्या 11,000 वर्षांची नोंद आहे, आणि आजपासून 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वीचा दीर्घ कोरडा काळ त्यात दिसतो. पण तो काळ इनामगावच्या पडत्या दिवसांच्या बराच आधीचा.

जिथे पराग टिकत नाही तिथे सिलिका टिकते. गवतं मुळांतून घेतलेली सिलिका पेशींत साठवतात. पान कुजलं तरी पेशीचा साचा मातीत राहतो. भाताच्या पानातला साचा पंख्याच्या आकाराचा, तुसातला दोन शिखरांचा, म्हणून जिथे परागाची बोलती बंद होते तिथे भात ओळखता येतो. हायड्रोफ्लुओरिक आम्लात मात्र हे साचेही विरघळतात. त्यामुळे एकाच मातीचे दोन वाटे करून दोन वेगळ्या रीतींनी धुवावे लागतात. उत्तर प्रदेशात लहुरादेवाच्या तळ्यावर पराग आणि सिलिका दोन्हींचं काम झालं. शेजारच्या वस्तीत सापडलेल्या भाताची तारीख आठ हजार वर्षांपलीकडे जाते.

पिष्टकणांची गोष्ट सर्वांत चविष्ट. हरियाणातल्या हडप्पाकालीन फरमाणा इथे डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालं. तिथल्या भांड्यांवर आणि माणसांच्या दातांवर चिकटलेल्या थरात अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांना हळद, आलं आणि वांगं यांचे पिष्टकण ओळखता आले. 2010 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि वर्तमानपत्रांनी जगातली पहिली आमटी सापडल्याच्या थाटात मथळे दिले. आमटी म्हणणं घाईचं. हे तीन पदार्थ एकाच पातेल्यात पडले होते की नाही हे दात सांगत नाहीत. आणि या कामात धास्ती असते ती प्रयोगशाळेचीच. पावडर लावलेले हातमोजे तिथे चालत नाहीत, कारण त्या पावडरीत मक्याचा स्टार्च असतो. हवेत पीठ उडतं, जेवणाच्या डब्यातून येतं. म्हणून टेबलावर रिकाम्या स्लाइडी उघड्या ठेवून त्यांच्यावर काय पडतं हेही मोजायचं असतं, आणि ते आकडे हाती आल्याखेरीज हळदीचं नाव काढायचं नाही.