पनीर : भाकरीच्या ताटातला पौष्टिक सोबती, पण अस्सल असेल तरच!

नांदेड, लातूर : ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण हा मराठवाड्याचा नित्याचा आहार. लग्नाच्या पंगतींमधून आणि हॉटेलांमधून या भागात रुळलेल्या पनीरकडे मात्र आजही चैनीचा पदार्थ म्हणूनच पाहिले जाते. प्रत्यक्षात पनीर हे भाकरीला उत्तम पूरक अन्न आहे. ज्वारीत लायसिन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल कमी असते. वरण ही उणीव काही अंशी भरून काढते, तर दुधाच्या प्रथिनांत लायसिन विपुल असते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १९ ग्रॅम प्रथिने आणि ४७५ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. म्हणजे ५० ग्रॅम पनीर खाल्ल्यास प्रौढ स्त्रीची प्रथिनांची दिवसाची सुमारे एक पंचमांश आणि कॅल्शियमची जवळपास एक चतुर्थांश गरज भागते.

चीजपेक्षा वेगळे

चीज विरजण व रेनेट वापरून तयार होते. पनीरसाठी तापलेले दूध लिंबूरस किंवा सायट्रिक आम्लाने फाडतात. आम्लामुळे काही कॅल्शियम निवळीत, म्हणजे उरलेल्या पाण्यात उतरते. त्यामुळे चीजच्या तुलनेत पनीरमध्ये कॅल्शियम कमी असते. पण मीठही अत्यल्प असल्याने रक्तदाबाच्या रुग्णांना ते अधिक सोयीचे ठरते. निवळी फेकून न देता तिच्यात कणीक भिजवावी. लोहाच्या बाबतीत मात्र पनीर दुबळे आहे. त्यासाठी पालेभाज्या व कडधान्यांना पर्याय नाही.

दूध घरचेच

लातूर जिल्ह्यातील देवणी आणि नांदेड जिल्ह्यातील कंधारची लाल कंधारी या गोवंशांनी या भागाला ओळख दिली आहे. गायीच्या दुधाचे पनीर मऊ होते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश अधिक असल्याने त्याचे पनीर घट्ट होते आणि उताराही जास्त, म्हणजे लिटरमागे साधारण २०० ग्रॅम मिळतो.

पारख कशी करावी?

नियमानुसार पनीरमध्ये पाणी ६० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे आणि कोरड्या भागात किमान ५० टक्के दुधाचा स्निग्धांश असावा. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलेला पदार्थ पनीर म्हणून विकता येत नाही. वेष्टनावर तसा स्पष्ट उल्लेख बंधनकारक आहे. अशा पदार्थात पिष्टाची भर असल्यास प्रथिनांसाठी मोजलेले पैसे वाया जातात. उकळून थंड केलेल्या तुकड्यावर आयोडीनचे थेंब टाकल्यास पिष्ट असेल तर निळा रंग येतो. तेलाची भेसळ मात्र या चाचणीत कळत नाही; त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. म्हणूनच सुटे पनीर घेताना अवाजवी स्वस्ताईला भुलू नये. शक्य असल्यास खात्रीचे दूध आणून ते घरीच करावे.