खेळांतील शस्त्रें आणि त्यांचें मोल

सुटींत शहराहून राणीसावरगांवीं येणारीं नातवंडें हल्लीं सोंगट्यांऐवजीं एक निराळाच खेळ घेऊन येतात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकन गृहस्थांचा हा खेळ सन १९७४ मध्यें प्रथम प्रसिद्ध झाला; नांव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. एकानें सूत्रधार व्हावयाचें, इतरांनीं वीर, मांत्रिक, चोर अशीं सोंगें घ्यावयाचीं, आणि वीस बाजूंच्या फांशावर जयापजय ठरवावयाचा. घरांतील कांहीं वडीलधाऱ्यांस हा नुसता गलका वाटतो. आम्हांस तो कथेचाच एक प्रकार वाटतो.

खटकतात तीं त्यांतील शस्त्रें. मंतरलेली तलवार मिळाली कीं फांशाच्या अंकांत एक मिळवावयाचा. पुढें दोन मिळविणारी सांपडली कीं पहिली टाकली. वीराचें शस्त्र वाढलें म्हणून सूत्रधार राक्षसही दांडगे आणतो, आणि वीर होता तेथेंच राहतो!

शस्त्र सुधारण्याची आमच्याकडील रीत वेगळी. मराठ्यांच्या फिरंगेचें पातें बहुधा युरोपांतून आलेलें, मूठ मात्र येथल्या कारागिरानें बसविलेली. गांवचा लोहारही बोथटलेली कुऱ्हाड फेंकून देत नाहीं. तापवून, ठोकून, धारेस पुन्हां पाणी देतो. खेळांतही जुनीच तलवार नव्या मुठीनें, नव्या पाण्यानें कां वाढवूं नये? मागील लढायांची आठवण तरी तिच्याबरोबर राहील.

आणि किंमत? आमच्या गांवीं रेणुकेचें देऊळ आहे. तिच्या पुत्रानें, परशुरामानें, आपला परशु शंकरापाशीं तप करून मिळविला, वाटेंत सांपडला म्हणून उचलला नाहीं. कर्णानें कवचकुंडलें देऊन इंद्राची शक्ति घेतली, तीही एकदांच चालणारी. अर्जुनासाठीं राखलेली ती घटोत्कचावर खर्चावी लागली. गांडीव अग्नीनें वरुणाकडून मिळवून दिलें, आणि महाप्रस्थानाच्या वेळीं त्याच अग्नीनें अर्जुनाकडून तें वरुणास परत करविलें. सूत्रधारांनीं अशा अटी घालाव्या. मग मुलें शस्त्रास हात लावण्यापूर्वीं दोनदां विचार करतील.

याच खेळाच्या २०१४ च्या आवृत्तींत एक नियम आहे, तो आम्हांस फार आवडला. जादूच्या कित्येक वस्तु वीरानें आधीं आपल्याशा करून घ्याव्या लागतात, आणि अशा तीनच त्यास एका वेळीं बाळगतां येतात. चौथी हवी तर हातची एक सोडावयाची. आणि कोणती सोडावी यावर ओसरीवर जो वाद माजतो, तो खेळापेक्षांही ऐकण्यासारखा असतो.