उसने उत्तर आणि कमावलेले ज्ञान

आठवीत शिकणारी आमची नात एके सायंकाळी वही मिटत म्हणाली, "आजोबा, गणिताचा गृहपाठ झाला." इतक्या लवकर कसा, म्हणून चौकशी केली. तिने वर्गातील मुलामुलींच्या व्हॉट्सॲप गटावर प्रश्न टाकला होता आणि पाच मिनिटांत उत्तर आले होते. प्रश्न चक्रवाढ व्याजाचा होता: मुद्दल 10,000 रुपये, दर साल दर शेकडा 10, मुदत दोन वर्षे. उत्तर 2,100 रुपये. ते अचूक होते. मात्र "2,000 का नाही?" असे मी विचारताच ती गप्प झाली. ज्याचे आयुष्य बँकेत व्याजाची आकारणी करण्यात गेले, त्याच्याच घरात हे घडावे!

तिला दोष देण्याचे कारण नाही. आपल्या व्यापारी घरांत सायंकाळ ही गिऱ्हाइकांची आणि त्यानंतर खातेवही लिहिण्याची वेळ असते. मोताळ्याहून शिकवणीसाठी बुलढाणा किंवा मलकापूर गाठणे प्रत्येकाला जमत नाही. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि मोबाईल हीच शाळा झाली. 'दीक्षा' ॲप आले, गृहपाठ गटावर येऊ लागला. पुढे शाळा उघडल्या, पण मित्रांना गटावर विचारण्याची सवय टिकली.

ही सवय केवळ आपल्याकडची नाही. 2009 मध्ये पोलंड देशात सुरू झालेल्या 'ब्रेनली' या संकेतस्थळावर विद्यार्थी एकमेकांच्या गृहपाठाच्या प्रश्नांना उत्तरे देतात व त्याबद्दल गुण मिळवतात. भारतातील मुलेही त्याचा वापर करतात.

विचारणे ही लाज वाटण्याजोगी गोष्ट नाहीच. आपल्या परंपरेने स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांत वाचनेनंतर पृच्छना, म्हणजे शंका विचारणे, येते. परंतु पृच्छनेनंतर लगेच अनुप्रेक्षा, म्हणजे मिळालेल्या उत्तराचे चिंतन, सांगितले आहे. मोबाईलवर पृच्छना सुलभ झाली. अनुप्रेक्षा मात्र गळून पडली. उतरवून घेतलेले उत्तर हे उसन्या रकमेसारखे असते. पेटीत दिसते, पण भांडवल आपले नसते. परीक्षेच्या दिवशी वसुली होते, तेव्हा पेटी रिकामी निघते.

नातीला मी एवढेच सांगितले, "पहिल्या वर्षाचे व्याज 1,000. ते मुद्दलात मिळवले की दुसऱ्या वर्षी व्याज 11,000 वर लागते, म्हणून 1,100. व्याजावरही व्याज चढले, हाच 100 रुपयांचा फरक." तिचे डोळे चमकले. त्यानंतर मी तिला बँकेतील एक शिस्त सांगितली. तेथे नोंद एक जण करतो आणि ती तपासून मंजूर दुसराच करतो. कितीही विश्वासू सहकारी असला, तरी आकडे न पाहता सही करायची नसते. मित्राचे उत्तरही असेच पडताळून घ्यावे.

पालकांनी मोबाईल हिसकावून घेऊ नये. रात्री दुकान बंद केल्यावर पाच मिनिटे वही उघडून मुलाला "हे कसे आले?" एवढे विचारले, तरी पुरे. त्यासाठी आपल्याला गणित यायलाच हवे असे नाही. मुलाला सांगता आले, तर ज्ञान त्याचे झाले. अडखळला, तर त्याने गटावर पुन्हा विचारावे, पण या वेळी उत्तर नव्हे, रीत विचारावी. उत्तर देणाऱ्यानेही नुसता आकडा न पाठवता पायऱ्या लिहाव्यात. समजावून सांगताना त्याचीच समज पक्की होते. ज्ञानाच्या व्यवहारात देणाऱ्याची शिल्लक घटत नाही, वाढते.

गेल्या आठवड्यात गटावर कोणीतरी विचारले, "मुदत तीन वर्षे असेल तर?" नातीने उत्तर पाठवण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेतली. 12,100 वर 1,210, म्हणून एकूण व्याज 3,310. तिने तिन्ही वर्षांचा हिशेब लिहून त्याचे छायाचित्र पाठवले आणि मग माझ्यापुढे कागद धरला. "आजोबा, तपासा."

मी आकडेमोड पाहिली आणि खाली सही केली.